रविवारचा दुसरा ग्लास

बेळगाव कॅम्प,
सोमवार, १७ जानेवारी १९४४

आक्का,

पायांवर डोकं ठेवून आधी एकच सांगतो. मी दारू पीत न्हाय. कंग्राळीच्या शालूबाईनं निपाणीला येऊन तुझे कान भरलेले दिसतात. सिद्राम बंगल्यावर दारू ढवळतो, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण ढवळणं वेगळं आणि पिणं वेगळं. चव बघायची तर चमचाभर जिभेवर घेतो आणि मोरीत थुंकतो. तुझा भाऊ खानसामा आहे. साहेबलोक मागतील ते करून देणं हे त्याचं काम.

तू विचारलंसच, तर सगळं सांगतो. आमच्या मेमसाहेब रविवारी चर्चमधून परत येईपर्यंत दहा वाजून जातात. न्याहारीची वेळ टळलेली, जेवणाला अवकाश. अशा वेळी व्हरांड्यात चार-सहा साहेबलोक जमतात. त्यांच्यासाठी हा लाल ग्लास. पिकलेले टोमॅटो आदल्या दिवशी उकडून मलमलीतून गाळायचे आणि रस बर्फावर ठेवायचा. त्यात लिंबू, मीठ, मिरपूड, विलायती काळा सॉस (तो पातळ चिंचेच्या कोळासारखा लागतो) आणि तू पाठवतेस त्या संकेश्वरी मिरचीचं पाणी. जिन, म्हणजे ती दारू, शेवटी. ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवून तो तिखटमिठात पालथा घालायचा, म्हणजे काठाला तांबडी किनार येते.

पण खरी मजा वर असते. ती मेमसाहेबांच्या मुलानं, हेन्रीसाहेबांनी काढली. बांबूची काडी तासायची. तिच्यावर गोव्याकडून आलेली भाजलेली कोळंबी, कोंबडीचा तुकडा, कलिजा, सिरक्यातला कांदा आणि उकडलेलं अर्धं अंडं ओवून काडी ग्लासात उभी करायची. बाजूला काकडीची लांब फोड आणि मुळ्याच्या डिंगऱ्या. सगळ्यांच्या डोक्यावर तळलेली कुरडई, टोपीसारखी. कुरडई माझ्या डोक्यातली. ती पहिल्यांदा ठेवली तेव्हा एक म्हातारे कर्नल उठून उभे राहिले आणि हसत सुटले. ह्या रविवारचा ग्लास मागच्यापेक्षा उंच पाहिजे, असा हेन्रीसाहेबांचा हट्ट. एकदा तर अख्खा भाजलेला लावा पक्षी बसवला होता.

भरमू त्यांच्या खुर्चीमागं पांढऱ्या कोटात उभा असायचा. ग्लास माझ्या हातून तुझ्या लेकाच्या हातात आणि तिथून साहेबाच्या हातात. त्याच्या हातून एकदाही कुरडई पडली न्हाय.

आता हेन्रीसाहेब लढाईवर ब्रह्मदेशाकडे गेले आणि भरमूही त्यांच्याबरोबर गेला. तो साहेबाचा ऑर्डर्ली आहे. त्याचं काम तंबूत, कपडे-बूट बघायचं. पुढं जायचं न्हाय. मीच त्याला त्या कामाला लावला, म्हणून मला हे पक्कं ठाऊक आहे. तू घोर लावून घेऊ नकोस.

तिळगूळ पोचला. वाटून खाल्ला.

तुझा सिद्राम

·

निपाणी,
२५ जानेवारी १९४४

सिद्राम, बाबा, तुला आशीर्वाद.

ताट सोडून ग्लासाच्या डोक्यावर जेवण मांडतात हे वाचून मला शाळेत बसल्याबसल्या हसू आलं. मुली विचारू लागल्या, बाई काय झालं. मी म्हटलं, माझा भाऊ कुरडईची टोपी करतो. आता त्या रोज विचारतात. शालूबाईचं मी मनावर घेतलेलं नाही. मिरची आणखी शेरभर पाठवते.

तू लिहिलंस की घोर लावून घेऊ नकोस. तर मलाही एक लिहू दे, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. भरमू तुला पत्रं लिहितो आणि मला लिहीत नाही. पलटणीच्या कागदावर घरचा पत्ता म्हणून त्यानं तुझाच दिला. त्यात तुझा दोष नाही. तो निघाला तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून त्याला म्हणाले होते, "जातोस तर जा. मला पत्र लिहू नकोस. लिहिलंस तरी मी वाचायची न्हाय."

लोकांच्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवणारी बाई मी, आणि पोटच्या पोराला हे बोलले. लहानपणापासून त्यानं माझं एक सांगणं धड ऐकलं नाही. हे मात्र ऐकलं.

तू त्याला लिहिशील तेव्हा लिही, आई रागावलेली नाही. आणि त्यानं माझ्याबद्दल एक ओळ जरी लिहिली, तरी ती मला कळव. कशी का असेना.

तुझी आक्का

·

बेळगाव कॅम्प,
सोमवार, २० मार्च १९४४

आक्का,

लई दिवस पत्र न्हाय म्हणून रागावली असशील. बंगल्यावर वाईट झालं. मागच्या मंगळवारी तार आली. हेन्रीसाहेब लढाईत गेले.

मेमसाहेब बागेत होत्या. तार वाचून त्यांनी तिची घडी घातली आणि मला म्हणाल्या, तारवाल्याला चहा दे, तो उन्हातून आलाय. एवढंच. रडल्या न्हाईत. आया रुक्माबाई मात्र मोरीत बसून तोंडात पदर कोंबून रडली. तिनं त्यांना अंगाखांद्यावर वाढवलेलं.

भरमूची काळजी करू नकोस. तो सुखरूप आहे. त्याचं मला पत्र आलंय. साहेबाजवळ तो त्या दिवशी नव्हता, आता त्याला दुसरीकडे ठेवलंय. त्यानं लिहिलंय, आईला नमस्कार सांग आणि म्हणावं, तिच्या बोलण्याचा मी राग धरलेला न्हाय.

आता दुसरी गोष्ट. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं न्हाय. काल रविवार. मला वाटलं, आता व्हरांडा बंद. पण मेमसाहेब चर्चमधून आल्या आणि म्हणाल्या, सिद्राम, दोन ग्लास. मी विचारलं, पाहुणे येणार का. त्या म्हणाल्या, न्हाय. एक मला, एक हेन्रीला. त्याचा उंच कर.

मी केला. कोळंबी, कोंबडी, कलिजा, कांदा, अंडं, कुरडई. हेन्रीसाहेबांच्या वेताच्या खुर्चीसमोर तिपाईवर ग्लास ठेवला आणि आत आलो. अर्ध्या तासानं घंटी वाजली म्हणून गेलो तर मेमसाहेब आपल्या जागी बसून बागेकडं बघत होत्या. दुसरा ग्लास अर्धा झालेला. काडीवरचं सगळं संपलेलं. फक्त अंड्याचा पिवळा बलक तेवढा बशीत काढून ठेवलेला.

आक्का, हेन्रीसाहेब तसंच करायचे. बलक कधी खायचे न्हाईत.

रुक्माबाईनं ती बशी बघितली आणि व्हरांड्यात पाऊल टाकायचं सोडलं. माळी आण्णाप्पा म्हणतो, साहेब जेवायला आलते.

तुझा सिद्राम

·

निपाणी,
२ एप्रिल १९४४

सिद्राम,

त्या बाईचा मुलगा गेला आणि मी तुझं पत्र वाचून देवापुढं साखर ठेवली. लाज वाटते, पण ठेवली. तुझ्या पत्रातली ती एक ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. कागद घडीवर फाटायला आलाय.

मेमसाहेबांना माझ्या वतीनं काय सांगता येईल ते सांग. त्या साहेबाच्या आई आहेत, पण आईच आहेत.

ग्लासाचं म्हणशील तर भिऊ नकोस. आपल्यातही गेलेल्या माणसाला आवडतं ते करून ठेवतातच की. आपण कावळ्याची वाट बघतो, त्या खुर्चीकडं बघतात. आणि कोळंबी संपली म्हणतोस, तर तुमच्या बंगल्यावर मांजर असेलच. आण्णाप्पाला म्हणावं, आधी मांजर बांध, मग भूत धर.

माझं एक काम कर. भरमूचं ते पत्रच मला पाठव. वाचून परत पाठवते. मला फक्त त्याचं अक्षर बघायचंय. तो 'र' उलटा काढायचा. पट्टी मारूनही सुधारला नव्हता.

तुझी आक्का

·

बेळगाव कॅम्प,
सोमवार, १९ जून १९४४

आक्का,

तुझी दोन पत्रं आली, उत्तराला उशीर झाला. भरमूचं ते पत्र मी ट्रंकेत ठेवलं होतं, त्याला वाळवी लागली. पुन्हा आलं की नक्की पाठवीन. मध्यंतरी एक चिठ्ठी आलती, पण ती एका शिपायाच्या हाती होती, वाचून त्यानं परत नेली. भरमू बरा आहे. तुझ्या हातच्या मेतकुटाची आठवण काढतो.

मांजराचं सांगतो. बंगल्यावर मांजर आहे. मी त्याला रविवारी सकाळी कोठीत कोंडलं. तरीही काडी रिकामी आणि बलक बशीत.

आता साहेबलोक यायचे बंद झालेत. पहिल्यांदा दोघं-तिघं आले, पण रिकाम्या खुर्चीसमोर तो उंच ग्लास बघून त्यांच्या घशाखाली काही उतरेना. आता आम्ही दोघंच. मेमसाहेब आणि मी. आदल्या दिवशी मी टोमॅटो गाळतो, काड्या तासतो, बाजारातून कोळंबी मिळाली न्हाय तर खेकड्याच्या नांग्या भाजून लावतो. काहीतरी नवं वर पाहिजेच. मागच्या रविवारी चिमणीएवढे बटाटेवडे करून तुऱ्यासारखे लावले. आक्का, एवढं चांगलं मी कधी केलं नव्हतं. आणि बघायला कुणी न्हाय.

काल मेमसाहेब म्हणाल्या, जा, त्याला विचार आज काडीवर काय पाहिजे. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी खुर्चीसमोर उभा राहिलो आणि हात जोडून विचारलं, साहेब, आज काय लावू.

उजेड लख्ख होता. बाहेर आण्णाप्पा गवत कापत होता, त्याचा आवाज येत होता. आणि मला ऐकू आलं. साहेबाचा आवाज न्हाय. खुर्चीच्या मागनं, भरमू उभा राहायचा तिथनं. "मामा, कलिजा जास्त घाल."

मला आवाज आल्यागत झालं, एवढंच म्हणतो. उन्हातून आलतो, डोकं फिरलं असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. तो बरा आहे.

तुझा सिद्राम

·

निपाणी,
मंगळवार, ७ नोव्हेंबर १९४४

सिद्राम,

आज घाईनं लिहितेय, अक्षर लागलं नाही तर लावून घे.

दिवाळी झाल्यावर, म्हणजे गेल्या रविवारी, अक्कोळचा एक शिपाई माझ्या दारात आला. जोतिराम नाव. एक पाय गुडघ्याखाली नाही, काखेत कुबडी. म्हणाला, मी भरमूच्या तुकडीत होतो, मावशी, दवाखान्यातून सुटलो तसा तुमच्याकडेच यायचं ठरवलं होतं. मी त्याला बसायला दिलं. पाणी दिलं. वाटलं, पोराचं कुशल घेऊन आलाय.

तो म्हणाला, भरमू फेब्रुवारीतच गेला. साहेबाबरोबर, एका नदीवर.

मला हसू आलं, सिद्राम. खरंच आलं. मी म्हटलं, बाबा, तुझी काहीतरी गल्लत होतेय, त्याची मार्चात खुशाली आली, जूनमध्ये आली. तो मान हलवत राहिला. म्हणाला, मी तिथं होतो. त्यानं तुम्हाला एक निरोप सांगितलाय. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठून दार सताड उघडलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. म्हणाले, मेलेल्याच्या नावावर जेवायला फिरणारी माणसं मी ऐकली होती, आज जिवंत माणसाच्या नावावर फिरणारा बघितला. माझ्या भावाकडं पत्रं आहेत. तू खोटा आहेस.

गल्लीतली माणसं जमली. कुणीतरी त्याला विचारलं, पाय तरी लढाईत गेला का गाडीखाली. लोक हसले. त्यानं कुबडी घेतली आणि गेला. तंबाखूच्या वखारीपर्यंत पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करत गेली.

मला ह्या माणसाचा बंदोबस्त करायचा आहे. असा तो आणखी किती आयांच्या दारात जाईल? तू भरमूची पत्रं, असतील नसतील ती, ताबडतोब रजिस्टरनं पाठव. मी ती पाटलांना आणि गल्लीला दाखवणार आहे.

तुझी आक्का

·

बेळगाव कॅम्प,
सोमवार, १३ नोव्हेंबर १९४४

आक्का,

पत्रं न्हाईत. मार्चपासूनची तर कधीच नव्हती. जोतिराम खरं बोलला.

तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं पलटणीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. मी ते मेमसाहेबांकडे नेलं. स्वतःच्या मुलाची तार टेबलावर तशीच होती, आणि त्यांनी माझं पत्र वाचून सांगितलं, तुझा भाचा हेन्रीबरोबरच गेला. मग पत्राची घडी करून माझ्या हातात दिली.

तुला कळवायला बसलो. कागदावर 'आक्का' लिहिलं. तुझं जानेवारीचं पत्र समोर होतं, एक ओळ जरी लिहिली तरी कळव म्हणालीस ते. आणि मीच त्याला साहेबाकडे लावलेला. तंबूतलं काम, पुढं जायचं न्हाय, असं तुला लिहून देणारा मीच. मला वाटलं, एकदाच ती ओळ लिहितो, मग महिन्याभरानं खरं सांगतो. राग धरला न्हाय, हे मी माझ्या मनचं लिहिलं. मग तू साखर ठेवलीस. मग पुढचं लिहिणं सोपं गेलं, आणि हेच सगळ्यात वाईट.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचलं तेव्हा टोमॅटो चुलीवर होते, ते करपले.

काल रविवारी मी ग्लास ठेवून आत आलो न्हाय. जेवणघराच्या पडद्याआड उभा राहिलो. ह्या आठ महिन्यांत मी एकदाही बघितलं नव्हतं, बघायची छाती नव्हती. मेमसाहेब थोडा वेळ आपल्या जागी बसल्या. मग उठल्या आणि साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पायावर पाय टाकला, ते टाकायचे तसा. काडी हातात घेतली आणि एकेक तुकडा खाल्ला. खाणं जात नव्हतं, मधेमधे डोळे मिटून गिळत होत्या. बलक बोटानं काढून बशीत ठेवला. मग परत आपल्या खुर्चीत येऊन समोर बघत राहिल्या, आत्ता कुणीतरी उठून गेल्यागत.

मला भीती वाटली न्हाय. मला माझाच हात दिसला, तुला पत्र लिहिणारा.

मी बाहेर गेलो आणि त्यांना सांगितलं. म्हटलं, माझ्या बहिणीला मी आठ महिने खोटं लिहिलं, तिचा मुलगा जिवंत आहे म्हणून. त्या माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, त्याचं नाव काय होतं?

आक्का, दोन वर्षं तो त्यांच्या मुलाच्या खुर्चीमागं उभा होता. मी नाव सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. भरमू. भरमू. मग विचारलं, त्याला यातलं काय आवडायचं? मी म्हटलं, काडीवरचं त्याला कोण देणार, बाईसाहेब. पण साहेब बलक ठेवायचे तो त्याच्यासाठीच ठेवायचे. ग्लास आत आणताना भरमू दाराआड तो खायचा. दोघांचं ठरलेलं होतं. तुम्हाला वाटायचं साहेबांना आवडत न्हाय.

मेमसाहेबांनी बशीकडं बघितलं. आणि तारेच्या दिवशी रडल्या न्हाईत त्या काल रडल्या.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. शिव्या दे. पण उत्तर दे.

सिद्राम

·

बेळगाव कॅम्प,
सोमवार, १८ डिसेंबर १९४४

आक्का,

महिना झाला, उत्तर न्हाय. मी निपाणीला आलतो. दाराला कुलूप. शेजारच्या यशोदाबाई म्हणाल्या, बाई अक्कोळला गेल्यात. ह्या महिन्यात तिसऱ्यांदा. ओट्यावर तासभर बसून परत मोटार धरली.

मेमसाहेब आता एकच ग्लास मागतात. काल मी सवयीनं दोन काड्या भरल्या. दुसरी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो. कुणाला द्यावी कळेना. टाकवेना. खाववेना. शेवटी परसात दगडावर ठेवली. संध्याकाळपर्यंत तिला कुणी शिवलं न्हाय.

आवाज अजून येतो. पूर्वी रविवारीच यायचा.

सिद्राम

·

निपाणी,
४ फेब्रुवारी १९४५

सिद्राम,

तुला शिव्या देण्यासाठी पाच-सहा पत्रं लिहिली आणि फाडली. आता देत नाही.

मी अक्कोळला पहिल्यांदा गेले तेव्हा जोतिराम घराबाहेर आला नाही. त्याची आई मालुबाई चुलीपुढं होती. तिनं मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उंबऱ्याजवळ बसले आणि दिवस कलल्यावर उठले. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तिनं माझ्यापुढं भाकरी ठेवली आणि आत जाऊन मुलाला म्हणाली, "ही बाई तुझ्या पाया पडाय आल्या. पडू दे न्हायतर बोल. माझ्या उंबऱ्याला रोज कुणाचं दुःख बसाय नको." मी त्याच्या पाया पडले. तो माझ्या भरमूपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.

मग त्यानं सांगितलं. नदी उतरताना साहेबाला गोळी लागली. भरमू तेव्हा पार होऊन पलीकडच्या काठावर आला होता. त्याला पुढं जायचं काम नव्हतं, तू म्हणालास ते खरंच होतं. तो स्वतःहून पाण्यात मागे फिरला. साहेबाला ओढत आणताना त्याच्या पोटात लागली. साहेब काठाला येईपर्यंत गेलेले. भरमू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. जोतिराम त्याच्याजवळ बसला होता. त्यालाही पायाला लागलेलं. भरमूनं त्याला माझ्यासाठी निरोप सांगितला. तोच, जो मी त्याला माझ्या दारात सांगू दिला नाही.

"आईला सांग, तिच्या बोलण्याचा मी राग धरलेला न्हाय."

कळलं का तुला, सिद्राम? तू मनचं म्हणून लिहिलंस ते त्यानं खरंच म्हटलं होतं. शब्दाला शब्द. मी जोतिरामच्या तोंडाकडं बघत राहिले. आयुष्यभर मला हवी होती ती ओळ, सांगणारा खरा, आणि माझ्या आत काही हललं नाही. कारण ती मी आधीच वाचलेली होती. तिच्यावर साखर ठेवून झाली होती. आता खरी कुठली आणि तुझी कुठली, मला वेगळी करता येत नाही. रोज प्रयत्न करते. मुलाचा शेवटचा शब्द माझ्या कानात तुझ्या अक्षरात येतो.

तू मायेनं केलंस, हे मला कळतं. कळतं म्हणूनच जास्त जड जातं.

तुझ्याकडून मला एकच पाहिजे. रविवारी, २५ तारखेला सकाळी निपाणीला ये. तो तुझा कामाचा दिवस आहे हे मला ठाऊक आहे, तरी त्याच दिवशी ये. मी जोतिरामला बोलावलंय. ज्या गल्लीत मी त्याला खोटा म्हणाले त्याच गल्लीत, त्याच लोकांपुढं, खोटं कोण बोललं ते तू सांग.

बायाक्का

·

बेळगाव कॅम्प,
सोमवार, २६ फेब्रुवारी १९४५

आक्का,

काल तुझ्या दारात जे झालं ते तू बघितलंसच. पण तू जोतिरामचा हात धरून त्याला आत नेलंस आणि दार लावून घेतलंस, त्यानंतरचं तुला ठाऊक न्हाय. ते कळवतो.

आधी रजेचं सांगतो. मेमसाहेबांना मी कुठं आणि कशासाठी जातोय ते खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, जा. ह्या रविवारी मी व्हरांड्यात बसणार न्हाय. येत्या उन्हाळ्यात जहाज मिळालं तर त्या विलायतेला जातील. हेन्रीसाहेबांची खुर्ची त्यांनी रुक्माबाईला देऊन टाकली. रुक्माबाईनं आधी नको म्हटलं, मग नेली.

गल्लीत मी बोललो तेव्हा कुणी हसलं न्हाय. मला वाटलं होतं थुंकतील. थुंकले असते तर बरं झालं असतं. ज्यानं त्याला गाडीखाली पाय गेला का विचारलं होतं, तो पुढं येऊन जोतिरामच्या कुबडीला हात लावून गेला. मग सगळे आपापल्या घरी गेले आणि मी समोरच्या कट्ट्यावर एकटाच बसलो. तू मला आत बोलावशील असं वाटलं न्हाय, आणि तू बोलावलंही न्हाईस. बरोबर केलंस.

दुपार व्हायच्या आत जोतिराम बाहेर आला. तुझ्याकडे जेवला म्हणाला. मला म्हणाला, चला मामा, मोटार स्टँडपर्यंत येतो. मी नको म्हटलं, तुला चालणं जड. पण तो आलाच. वखारीपाशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "मामा, एक इचारू? तुमाला त्याचा आवाज येतो?"

मी त्याला हे सांगितलं नव्हतं. तुझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हटलं, येतो. खुर्चीच्या मागनं येतो.

"काय म्हणतो?"

"कलिजा जास्त घाल म्हणतो."

जोतिराम हसला. आक्का, चांगला हसला, त्याच्या वयाच्या पोरासारखा. मग म्हणाला, "मला म्हणतो, दमानं चाल रं. आडाजवळ, वढ्याजवळ, पानी दिसलं की येतो. मी आईला सांगितलं तर तिनं अंगारा लावला. मग सांगायचं सोडलं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "मला वाटायचं मलाच येतो."

मी म्हटलं, मलाही तसंच वाटायचं.

मोटार सुटेपर्यंत तो उभा राहिला. दमला होता, तरी बसला न्हाय.

मोटारीत बसल्यापासून मी एकाच गोष्टीचा विचार करतोय. तू इतक्या पत्रांत भुताला हसलीस, मांजर बांध म्हणालीस, पण तुझं स्वतःचं कधी काही लिहिलं न्हाईस. आक्का, तुला येतो का त्याचा आवाज? येत असेल तर काय म्हणतो ते लिही. येत नसेल तर तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

सिद्राम